कुंडीतल्या लिंबाची पानं मुरडली तर आधी काय बघायचं, मग काय करायचं

पानं मुरडलेली दिसली की बहुतेकांचा हात आधी फवारणीच्या बाटलीकडे जातो. मिरचीवरचा बोकड्या, म्हणजे पानं आखडण्याचा रोग, ऐकून माहीत असतो, त्यामुळे लिंबावरही तेच आलं असणार असं वाटतं. लिंबाच्या मुरडलेल्या पानामागे मात्र पाणी, मुळं, ऊन, कीड, क्षार, तणनाशक यांतलं काहीही असू शकतं आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. मुळं सडत असलेल्या झाडाला आणखी पाणी घातलं तर ते जातं. तहानलेल्या झाडावर तेल फवारलं तर पानं भाजतात. म्हणून पहिला दिवस नुसता बघण्यासाठी ठेवा. पानं मुरडल्यामुळे झाड एका दिवसात मरत नाही, घाईच्या उपायाने मात्र मरू शकतं.

लिंबू सदाहरित आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याचं एक पान साधारण एक ते दोन वर्षं झाडावर राहतं. कोवळं असताना किडीने वाकडं केलेलं पान पुढे कडक होतं आणि गळेपर्यंत वाकडंच राहतं. तहानेने वळलेलं पान तेवढं पाणी मिळाल्यावर उघडतं. त्यामुळे आज दिसणारं वाकडं पान कदाचित तीन महिन्यांपूर्वीच्या किडीची खूण असेल आणि ती कीड केव्हाच निघून गेलेली असेल.

आणखी एक खबरदारी. लिंबाची नवी पालवी, म्हणजे नवती, सुरुवातीला मऊ, फिकट आणि खाली लोंबलेली असते. दोन-तीन आठवड्यांत ती टणक होते. पानांवर रेषा, ठिपके, चिकटपणा काही नसेल तर ती निरोगी नवती आहे, तिला हात लावू नका.

पायरी १: पहाटे एकदा, दुपारी एकदा बघा

सूर्य उगवताना झाडाजवळ जा. पानं सपाट असतील आणि दुपारी दोनला होडीसारखी वर वळलेली असतील, तर झाड उन्हापासून स्वतःला वाचवतंय. पान आकसलं की उन्हाला कमी पृष्ठभाग मिळतो आणि पाणी कमी उडतं. संध्याकाळी किंवा रात्रीतून ती पुन्हा उघडली तर प्रश्न उष्णतेचा आहे, झाड आजारी नाही.

पहाटेही पानं वळलेलीच असतील तर रात्रभरात मुळांना पाणी वर चढवता आलेलं नाही. कुंडीत पाणी नाही, किंवा पाणी आहे पण मुळं काम करत नाहीत. या एका निरीक्षणाने निम्मं काम होतं, आणि नवखे लोक नेमकं हेच करत नाहीत, कारण झाडाकडे लक्ष दुपारीच जातं.

पायरी २: कोणती पानं, कोणत्या बाजूला

फांदी हातात धरून शेंड्यापासून खाली बघत या.

फक्त शेंड्याची कोवळी पानं वाकडी आणि खालची जुनी पानं ठीक असतील तर संशय किडीवर. कोवळं पान मऊ असतं, रस भरलेलं असतं, किडींना तेच हवं असतं. झाडावरची नवी-जुनी सगळी पानं एकसारखी वळली असतील तर पाणी, मुळं किंवा ऊन. एकाच बाजूची वळली असतील तर त्या बाजूला काय आहे ते बघा: तापणारी भिंत, एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा, सतत वाहणारा वारा.

वळण्याची दिशाही बोलते. कडा वर येऊन होडी झाली असेल तर बहुधा तहान किंवा उष्णता. पान मऊ पडून खाली वाकलं असेल, पिवळट दिसत असेल तर बहुधा जास्त पाणी. पिळल्यासारखं, सुरकुतलेलं, एका कडेने गुंडाळलेलं असेल तर कीड. हे ‘बहुधा’ महत्त्वाचं आहे. दिशेवरून अंदाज बांधा, खात्री पुढच्या पायरीवर करा.

पायरी ३: पान उलटं करा

दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा. निदान दहा पानं उलटी करा, गुंडाळलेलं एखादं पान उलगडा. मग शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेले बारीक कण अर्धं मिनिट बघत राहा. धूळ हलत नाही.

कुंडी कोरडी असेल तर

वरची माती बोटाने चाचपणं पुरेसं नाही. कुंडीत वरचे चार सेंटिमीटर कोरडे आणि तळाशी चिखल, असं नेहमी होतं. लाकडी काडी पंधरा सेंटिमीटर आत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर आणि मातीचे कण चिकटलेली निघाली तर पाणी आहे. कोरडी ठाक निघाली तर नाही. कुंडी उचलता येण्यासारखी असेल तर पाणी घातल्यावर आणि चार दिवसांनी उचलून बघा, वजनाचा फरक हाताला लवकरच कळू लागतो.

कोरड्या कुंडीत एक फसवा प्रकार होतो. कोकोपीट किंवा सेंद्रिय खत जास्त असलेली माती पूर्ण सुकली की पाणी शोषेनाशी होते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. तुम्ही झारीभर पाणी घालता, ते कडेच्या फटीतून सरळ खाली येतं, तळातून वाहताना दिसतं आणि ‘भरपूर पाणी घातलं’ असं वाटतं. मुळांचा गोळा आत कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात कडेपर्यंत बुडवून अर्धा तास ठेवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढा आणि पूर्ण निथळू द्या. मोठी कुंडी टबात मावत नसेल तर थोडं थोडं पाणी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने चार-पाच वेळा घाला.

त्यानंतर पाणी ठरलेल्या वाराला घालू नका. काडी ओलसर-कोरडी, म्हणजे मातीला वाफसा आला की घाला, आणि घालाल तेव्हा तळातून निथळेपर्यंत घाला. रोज कपभर पाणी हा लिंबासाठी सगळ्यात वाईट प्रकार आहे: वरची मुळं कायम ओली, खालची कायम कोरडी.

तहान हेच कारण असेल तर एक-दोन दिवसांत पानं उघडतात. नाही उघडली तर पुढे वाचा.

कुंडी ओली असेल आणि तरीही पानं वळलेली असतील तर

इथे सगळ्यात जास्त झाडं जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग त्यांच्यावर फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीवजा सूक्ष्मजीवासारखे रोगकारक वाढतात आणि मुळं सडतात. सडलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं असूनही तहानलेलं असतं आणि तसंच दिसतं. माणूस ते बघून आणखी पाणी घालतो.

आधी कुंडीखालची भोकं बघा. एखादं मूळ किंवा चिकणमाती अडकून ती बंद झालेली असतात. काडीने मोकळी करा, कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या, कुंडी विटांवर उचलून ठेवा. फक्त एवढ्याने पाणी निथळलं आणि मातीला वास नसेल तर पाणी थांबवून आठवडाभर वाट बघा.

मातीला कुबट, सांडपाण्यासारखा वास येत असेल किंवा पानं पिवळी होऊन गळत असतील तर झाड बाहेर काढावंच लागेल.

कुंडी आडवी करून बाजूंवर थापट्या मारा आणि खोड बुडाशी धरून गोळा सरकवा, खोड ओढू नका. निरोगी मूळ मलईच्या रंगाचं आणि टणक असतं. सडलेलं मूळ तपकिरी-काळं, मऊ असतं आणि दोन बोटांत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी सुटून येते, आत दोऱ्यासारखी शीर उरते. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. अशी मुळं स्वच्छ कात्रीने टणक भागापर्यंत कापा. कात्री प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसा. मुळं बरीच कापावी लागली तर वरच्या फांद्याही त्या प्रमाणात थोड्या कमी करा, नाहीतर उरलेल्या मुळांना सगळ्या पानांना पाणी पुरवता येत नाही.

नवी माती भुसभुशीत हवी: चार भाग बागेची माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, तीन भाग जाड वाळू किंवा परलाइट. तळाशी खड्यांचा थर देण्याची पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओलीचा थर मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, बस्स. कुंडी आधीच्याच मापाची किंवा एक नंबर लहान घ्या. मुळं कमी झालेलं झाड मोठ्या कुंडीत घातलं तर न वापरलेली माती ओलीच राहते आणि सड परत येते. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, आधी झाड जितकं खोल होतं तितकंच ठेवा.

लावल्यावर एकदा पाणी घाला, सात ते दहा दिवस सावलीत ठेवा आणि पुढचे पाच-सहा आठवडे खत अजिबात नको. जुनी पानं गळतील. हिरव्या फांदीवर नखाने किंचित खरवडलं आणि आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

कीड असेल तर

नाग अळी ओळखायला सर्वात सोपी. कोवळ्या पानावर चंदेरी, नागमोडी रेषा दिसतात, जणू गोगलगाय फिरून गेली. रेषेच्या मधोमध बारीक काळी ओळ असते, ती अळीची विष्ठा. अळी पानाच्या सालीखाली राहून खाते, त्यामुळे वरून फवारलेलं तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. वाढ पूर्ण झाली की ती पानाच्या कडेला येते, कड दुमडते आणि आत कोष करते. पान एका कडेने गुंडाळलेलं दिसतं ते यामुळे.

अशी पानं ओरबाडून टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. रेषा असलेला भाग सोडून उरलेलं पान झाडासाठी अन्न तयार करत असतं, आणि सगळी पानं काढली की झाड घाईने नवी नवती फोडतं, जी पतंगाला (नाग अळी ही त्याचीच अळी) अंडी घालायला हवीच असते. मोजकीच पानं असतील आणि आत अळी दिसत असेल तर ती जागच्या जागी चिरडा. नवी नवती एक-दोन सेंटिमीटरची झाल्यापासून पानं टणक होईपर्यंत दर सात दिवसांनी निंबोळी तेल फवारा. यामुळे पतंग अंडी घालायला कचरतो, आत शिरलेल्या अळीवर फारसा परिणाम होत नाही. टणक पानांवर नाग अळी जात नाही, म्हणून तिथे फवारणी वाया जाते. मोठ्या, जोमदार झाडावर काहीच न करता सोडून देणंही चालतं. काळजी लहान रोपांची करायची.

मावा शेंड्यावर गर्दीने बसतो, हिरवा किंवा काळा-तपकिरी. पानं खाली मुरडतात, हाताला चिकट लागतात, त्या चिकट्यावर नंतर काळी काजळी धरते. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर वर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण आहे हे जवळजवळ नक्की. मुंग्या चिकट्यासाठी त्यांना राखतात आणि किडी खाणाऱ्या मित्रकिडींना हाकलतात. पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे खालून वर धुवा, तीन दिवस रोज. खोडाभोवती रुंद कागदी पट्टी बांधून तिच्यावर चिकट थर लावा, सालीवर थेट लावू नका. भिंतीला टेकलेली फांदी छाटा, नाहीतर मुंग्यांना दुसरी वाट मिळते. उबदार हवेत माव्याची मादी थेट पिल्लंच घालते, त्यामुळे दोन-चार राहिले तरी आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा गर्दी होते. धुणं चुकवू नका.

फुलकिडे जेमतेम एक मिलिमीटरचे, कागदावर टिचकी मारल्यावर स्वल्पविरामासारखे चालताना दिसतात. पानावर चंदेरी ओरखडे आणि काळे ठिपके राहतात, पान लांबट, वेडंवाकडं होतं. कोळी, म्हणजे घरातले कोळी नव्हे तर माइट नावाची अगदी बारीक कीड, दोन जातींचे त्रास देतात. लाल कोळ्याने पानावर फिकट ठिपके पडतात, जास्त झाल्यास बारीक जाळी दिसते. दुसरा, पिवळसर पांढरा कोळी, ०.२ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. शेंडा आखडलेला, पानं अरुंद, जाड, ठिसूळ आणि कडा खाली वळलेल्या, पण कीड कुठेच सापडत नाही, असं असेल तर भिंगाने पानाच्या मधल्या शिरेजवळ बघा. त्याचा परिणाम कीड मेल्यावरही काही आठवडे टिकतो, म्हणून ‘फवारून फरक पडला नाही’ असं ठरवून लगेच दुसरं औषध घेऊ नका.

सिट्रस सायला मात्र हलक्यात घेऊ नये. तीन-चार मिलिमीटरचा तपकिरी किडा, डोकं खाली आणि मागचा भाग वर करून तिरका बसतो. पिवळट पिल्लं कोवळ्या शेंड्यावर असतात आणि पांढरे मेणाचे दोरे सोडतात. पानं पिळतात ते ठीक, पण हाच किडा लिंबूवर्गाचा ग्रीनिंग रोग पसरवतो आणि त्या रोगावर उपाय नाही. ग्रीनिंगमध्ये पानाच्या मधल्या शिरेच्या दोन बाजूंना पिवळे डाग वेगवेगळे पडतात, एकमेकांचं प्रतिबिंब नसतात. अन्नद्रव्याच्या कमतरतेत दोन्ही बाजू सारख्या दिसतात. संशय असेल तर झाड दुसरीकडे हलवू नका, कलमाच्या काड्या कुणाला देऊ नका आणि कृषी खात्याला दाखवा.

फवारणी करताना

मावा, फुलकिडे, लाल कोळी, सायलाची पिल्लं यांच्यासाठी साबणाचं पाणी पुरतं: एक लिटर पाण्यात ५ मिली सौम्य, बिनवासाचा द्रव साबण. भांड्यांचा तेलकटपणा काढणारा कडक साबण पानावरचा मेणाचा थरही काढतो, तो नको. निंबोळी तेलाचं प्रमाण लिटरला ५ मिली. तेल थेट पाण्यात टाकलं तर वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळं एका फांदीवर पडतं. आधी कपभर कोमट पाण्यात १-२ मिली साबण विरघळवा, त्यात तेल घालून दुधाळ होईपर्यंत ढवळा, मग उरलेलं पाणी मिसळा. तयार द्रावण त्याच दिवशी संपवा.

आदल्या दिवशी झाडाला पाणी द्या. एका फांदीवर फवारून दोन दिवस थांबा, पानं भाजली नाहीत तर पूर्ण झाडावर घ्या. वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर, फुलांवर मधमाश्या नसताना. नोझल पानाखाली धरा, पाणी पानाच्या टोकावरून ठिबकेपर्यंत. साबण फक्त ओला असताना आणि अंगाला लागला तरच कीड मारतो, अंड्यांवर चालत नाही. म्हणून दर पाच ते सात दिवसांनी तीनदा. एकदा फवारून सोडून देणं म्हणजे अंड्यांतून येणाऱ्या पुढच्या पिढीला मोकळं रान देणं.

पांढऱ्या कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. तापमान ३० अंशांच्या वर असेल तर मारू नका आणि तेलाच्या फवारणीनंतर महिनाभर अंतर ठेवा, नाहीतर पानं करपतात.

क्षार, खत आणि तणनाशक

मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी खपली, पानांची टोकं तपकिरी आणि कडा वळलेल्या: क्षार साठलेत. खत जास्त झालंय किंवा पाणी जड आहे. खपली खरवडून काढा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून धुऊन काढा. १५ लिटरच्या कुंडीला ३० लिटर, तीन-चार टप्प्यांत. निचरा चांगला असेल तरच हे करा. नंतर महिनाभर खत बंद.

नवी पानं लहान, अरुंद, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर जस्त कमी पडतंय. चिलेटेड झिंक लिटरला अर्धा ग्रॅम, नवतीवर एकदा, पंधरा दिवसांनी पुन्हा. पण ओल्या मातीतली दुबळी मुळंही जस्त घेऊ शकत नाहीत, म्हणून आधी मुळं तपासा.

शेंडे दोरीसारखे पिळले, पानं पट्टीसारखी झाली आणि शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांवरही तेच दिसत असेल, तर जवळपास कुणी तणनाशक मारलंय का विचारा. काही तणनाशकं फवारलेल्या गवतावरच्या जनावरांच्या शेणातून खतातही उतरतात. नव्या खतानंतर हे सुरू झालं असेल तर ते खत मातीत मिसळून एका लहान कुंडीत घेवडा पेरा. दोन-तीन आठवड्यांत घेवड्याची पानं वाकडी आली तर ते खत फळझाडांना वापरू नका. झाडावर औषध नाही, पाणी नियमित द्यायचं आणि पुढची नवती बघायची.

इतर सदाहरित झाडांसाठी एवढंच

पद्धत तीच. बारीक पानाच्या फायकसची पानं मधोमध पाकिटासारखी मिटली असतील तर एक पाकीट उघडा, आत काळे फुलकिडे सापडतात. इथे मिटलेली पानं काढून बंद पिशवीत टाकणं योग्य, कारण कीड आतच असते. थंड प्रदेशातला ऱ्होडोडेंड्रॉन कडाक्याच्या थंडीत पानं सिगारसारखी गुंडाळतो आणि ऊब आली की उघडतो, त्याला काहीच करायचं नाही. घरातून एकदम उन्हात नेलेल्या कुठल्याही झाडाची पानं वळतात, दहा-पंधरा दिवसांत हळूहळू ऊन वाढवा.

दोरा बांधा

उपाय सुरू कराल त्या दिवशी तीन फांद्यांवर, शेवटच्या मुरडलेल्या पानाच्या पुढे, रंगीत दोरा सैल बांधा आणि तारीख लिहून ठेवा. दोऱ्याच्या मागची पानं वाकडीच राहतील, तिकडे बघून निराश होऊ नका आणि नवं औषधही आणू नका. वाढीच्या हंगामात दोऱ्याच्या पुढे नवती यायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. ती पानं टणक झाल्यावर सपाट असतील तर नेहमीच्या निम्म्या मात्रेने खत सुरू करा. तीही मुरडलेली निघाली तर पुन्हा पहाटे झाडाजवळ उभं राहा आणि पायरी १ पासून सुरुवात करा.